चित्रकारावरच्या पुस्तकात चित्राचेही प्रूफ तपासले जावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हातातल्या दिव्याला तळव्याचा आडोसा धरून उभी असलेली तरुणी आणि तिच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. ते कागदावर, जलरंगात, १९४५-४६च्या सुमारास केलेले चित्र आहे आणि म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या संग्रहात आहे. तरीही ते १९०६ साली निवर्तलेल्या राजा रविवर्मांच्या नावावर छापले जाते आणि नाव बरोबर असले तर माध्यम म्हणून 'तैलरंग' लिहिलेले सापडते. नावाची चूक कोणीतरी पत्र लिहून दाखवून देतो. माध्यमाची चूक तशीच पुढच्या पुस्तकात जाते. खरे तर नुकसान दुसऱ्या चुकीने जास्त होते. तैलरंगात उजेड शेवटी वरून चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तो कागदाचा पांढरेपणा पहिल्यापासून राखूनच मिळवावा लागतो आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळणे फार कठीण. 'तैलरंग' असे वाचणाऱ्याला हळदणकरांनी काय साधले आहे ते कळतच नाही.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चित्रकार आणि कलेच्या इतिहासावरच्या पुस्तकांची परीक्षणे येतात, म्हणून हे पत्र. त्या परीक्षणांत लेखकाची भाषा, संशोधन, मांडणी यांवर लिहिले जाते; चित्रे कशी छापली आहेत यावर फार तर 'देखणी निर्मिती' एवढेच. मजकुराचे मुद्रितशोधन दोन-तीनदा होते. चित्राचे एकदाही होत नाही. चित्रकाराविषयी लेखक जे जे म्हणतो त्याचा पुरावा म्हणजे शेजारी छापलेले चित्र. तो पुरावा कापलेला, रंग बदललेला किंवा भलत्याच वस्तूचा असेल, तर मजकूर कितीही शुद्ध असून काय उपयोग?

आधी चित्राखालच्या ओळीबद्दल. चित्रकाराचे नाव, शीर्षक, साल, माध्यम आणि कशावर काढले आहे, आकार, संग्रह, असल्यास नोंदणी क्रमांक आणि छायाचित्र कोणाचे, एवढे यायलाच हवे. आकार लिहिताना जगभर उंची आधी आणि रुंदी नंतर असा रिवाज आहे. आपल्याकडे कधी रुंदी आधी, कधी इंच, कधी सेंटीमीटर, तेही एकाच पुस्तकात. साल नक्की नसेल तर 'सुमारे' लिहावे. अंदाजाने ठोकलेले साल पुढची पन्नास वर्षे उद्धृत होत राहते. शीर्षक चित्रकाराने दिलेले की नंतर कोणी चिकटवलेले, हे माहीत असल्यास तेही लिहावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे आपण नेमके काय छापतो आहोत हे सांगणे. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर तिथे राहून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतल्या पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या. १८९६-९७ साली निघालेले ग्रिफिथ्स यांचे दोन खंड हे या नकलांवरून तयार झालेले आहेत. त्या खंडांतली पाने स्कॅन करून खाली 'अजिंठा, लेणे क्र. १' एवढेच लिहिले, तर वाचक एकोणिसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांच्या हातची रेषा पाचव्या शतकातली समजून बघतो. छायाचित्र असले तरी कधीचे, हा प्रश्न उरतोच. १९२० ते १९२२ दरम्यान इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रांवर लाखेचे रोगण चढवले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याला ते हळूहळू काढावे लागले. म्हणजे एकाच भिंतीची सफाईआधीची आणि सफाईनंतरची अशी दोन छायाचित्रे शेजारी छापली, तर रंगांत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल आणि त्यात छापखान्याचा काही दोष नसेल. छायाचित्राचे साल दिले की गोंधळ मिटतो.

रविवर्मांच्या बाबतीत तर हा घोळ कायमचाच. १८९४ साली गिरगावात सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला त्यांचा शिळाछापखाना ओलिओग्राफ काढत असे. मूळ तैलचित्रावरून कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करत, मग एकावर एक रंगांचे ठसे, वर रोगण आणि कॅनव्हासचा भास देणारा उठाव. त्या ओघात चेहऱ्याच्या छटा बदलतात आणि पार्श्वभूमी सोपी होते. पुस्तकात छापलेले 'रविवर्मांचे चित्र' पुष्कळदा असा ओलिओग्राफच असतो. ओळखायचे कसे? खालच्या पांढऱ्या पट्टीत छापखान्याचे नाव असते. त्या नावावरून आणि गावावरून प्रत कोणत्या काळातली याचाही माग लागतो. दुर्दैवाने मांडणी करणारा ती पट्टी 'अस्वच्छ' म्हणून कापून टाकतो. कृपा करून ती कापू नये. एकूणच चित्राच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत. कोपऱ्यातली सही पानाच्या ब्लीडमध्ये, म्हणजे छापून झाल्यावर कापल्या जाणाऱ्या कडेत, गेली की पुस्तकातला एक दस्तऐवज गेला. भागच दाखवायचा असेल तर खाली 'तपशील' असे लिहावे आणि पूर्ण चित्र आसपास कुठेतरी लहान का होईना, द्यावे.

आकाराचा प्रश्न केवळ आकडे लिहून सुटत नाही. साल्वादोर दालीचे वितळणाऱ्या घड्याळांचे १९३१चे चित्र २४ × ३३ सेंमी आहे, पिकासोचे 'गेर्निका' ३४९.३ × ७७६.६ सेंमी. पुस्तकात दोन्ही तळहाताएवढी. यावर एक स्वस्त उपाय आहे. प्रकरणाच्या सुरुवातीला १ : ५० या प्रमाणात नुसते रेखाचौकोन काढावेत आणि शेजारी १६५ सेंमी उंचीची मानवाकृती. 'गेर्निका' साडेपंधरा सेंमी रुंद आणि सात सेंमी उंच होते, माणूस ३.३ सेंमीचा आणि दालीचे चित्र जेमतेम साडेसहा मिलिमीटर रुंद. काळ्या एका रंगात काम भागते. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या अमूर्त चित्रकाराबाबत तर हे हवेच. त्यांच्या माणसाच्या उंचीच्या कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर रंगाचे एकावर एक चढवलेले पातळ थर डोळ्यांना हळूहळू उलगडतात. बारा सेंमीच्या चौकटीत ती निव्वळ डागाळलेली पाटी दिसते. तिथे पूर्ण चित्राबरोबर मूळ आकाराचा, म्हणजे एकास एक प्रमाणातला, पानभर तपशील द्यावा. रोलर आणि सुरीने ओढलेला रंग त्यातच कळतो.

आता छायाचित्रण. मोबाइलवर काढून व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला फोटो पुस्तकाला चालत नाही. पाठवताना तो दाबून लहान केला जातो आणि हरवलेला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. हिशेब सोपा आहे. १५० रेषांच्या स्क्रीनवर, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी ठेवून, छापायचे तर छापील आकारात इंचाला ३०० पिक्सेल हवेत. चित्र २० सेंमी रुंद छापायचे असेल तर साधारण २,३६० पिक्सेल रुंदी लागते. त्यातला एखादा तपशील चौपट मोठा करायचा असेल तर फाइलही चौपट रुंद हवी.

फोटो काढताना चित्र शक्यतो काचेतून बाहेर काढावे. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर ठेवावेत. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की अर्धे चित्र निळसर आणि अर्धे पिवळट होते. कॅमेऱ्याचा संवेदक चित्राच्या पातळीला समांतर हवा, नाहीतर चौकोनाचा समलंब होतो आणि मग सरळ करताना मानवाकृती बारीक किंवा जाड होतात. रोगण लावलेल्या तैलचित्रावर चमक येते. त्यासाठी दिव्यांवर ध्रुवीकरण करणारे फिल्टर आणि भिंगावर त्यांना काटकोनात फिरवलेला फिल्टर लावतात. मात्र चमक पूर्ण मारली तर रंगाच्या जाड थरांचा उठावही मरतो, म्हणून ती थोडी राहू द्यावी. चित्राच्या कडेला २४ ठरावीक रंगांच्या चौकोनांचे पत्रक ठेवूनच फोटो घ्यावा. हे पत्रक फाइलीत नसेल तर पुढे छापखान्यात 'लाल थोडा कमी करा' हा वाद निव्वळ आठवणीच्या भरवशावर होतो.

जुन्या छापील पानावरून स्कॅन करण्याची वेळ येतेच. महादेव धुरंधर यांनी १९१०-२०च्या दशकांत इंग्रजी पुस्तकांसाठी केलेली कितीतरी चित्रे आज त्या पुस्तकांच्या पानांवरच सहज मिळतात. ती पाने ठिपक्यांची असतात. त्यांवर नवा ठिपक्यांचा स्क्रीन चढला की चौकटी-चौकटीची जाळी उमटते. उपाय म्हणजे इंचाला ६०० किंवा १,२०० पिक्सेलने स्कॅन करणे, जुने ठिपके सौम्य करणे, मग हव्या आकाराला आणणे आणि खाली 'अमुक पुस्तकातल्या छापील प्रतीवरून' असे लिहिणे. मूळ जलरंगचित्र कुठे आहे याचा शोध आधी घ्यावा, हे सांगणे नलगे.

शिल्पांवर कोणी फारसे बोलत नाही. गणपतराव म्हात्रे यांच्या १८९६च्या 'मंदिरपथगामिनी'चे एकाच बाजूचे, मागची भिंत कापून काढलेले छायाचित्र वर्षानुवर्षे फिरते आहे. कापताना वस्त्राच्या चुण्यांची कडच छाटली जाते आणि पायाखालची सावली गेल्याने शिल्प अधांतरी दिसते. निदान समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन छायाचित्रे हवीत, उंचीसह.

सर्वांत जास्त बिघडते ते छापखान्यात, आणि तेही प्रकाशक तिथे नसताना. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांत सगळे रंग बसत नाहीत. गडद अल्ट्रामरीन निळा जांभळट होतो, झगझगीत नारिंगी विटतो, काही हिरवे मळकट होतात. संगणकाच्या पडद्यावर दिसलेला रंग कागदावर उतरणारच नाही हे आधीच मान्य करून कोणत्या चित्रात कोणता रंग राखायचा ते ठरवावे लागते. लघुचित्रांतले सोने तर चार शायांत मोहरीच्या रंगाचेच होते. पैसे असतील तर पाचवी धातूची शाई वापरावी. नसतील तर तिरप्या उजेडात घेतलेला एक तपशील सोबत छापावा, म्हणजे सोने कुठे आहे ते तरी वाचकाला समजेल.

वारली चित्रांत वेगळीच अडचण. छापताना पांढरी रेषा म्हणजे कोरा कागद आणि भोवतीची गेरूची पार्श्वभूमी म्हणजे तीन-चार शायांचे थर. एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली की रेषेच्या एका कडेला गुलाबी किंवा पिवळी किनार दिसते आणि जिव्या सोमा म्हसे यांची बारीक रेषा पार भरून जाते. अशा चित्राला गेरूच्या रंगाची एकच खास शाई तयार करून एका प्लेटवर छापणे केव्हाही चांगले. भिंतीचा पोत त्यात थोडा कमी होईल, पण रेषा जिवंत राहील.

कागदाविषयी बोलायचे तर ७० किंवा ८० ग्रॅमच्या मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या, लेप नसलेल्या कागदावर, चित्रे छापूच नयेत असे नाही. रेखाटने, लाकूडठसे त्यावर सुंदर येतात. पण त्या कागदात शाई पसरते: निम्मी जागा झाकणारा ५० टक्क्यांचा ठिपका ७०च्या आसपास दिसू लागतो, तर गुळगुळीत लेप दिलेल्या आर्ट पेपरवर तोच ६५च्या आत राहतो. म्हणून आर्ट पेपरसाठी केलेली फाइल तशीच मॅपलिथोवर चालवली की सावल्या बुडतात. एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज आर्ट पेपरवर ३००-३२० टक्क्यांपर्यंत चालते, मॅपलिथोवर ती २८०च्या आत ठेवावी लागते. जलरंगांना १३० ग्रॅमचा मॅट आर्ट पेपर बरा. चकचकीत कागदावर जलरंगचित्र ओले दिसते. आणि प्रत्येक पानाला सरसकट रोगण मारण्याची फॅशन आता थांबवावी.

एक गोष्ट लेखक-प्रकाशकांना सहसा कोणी सांगत नाही. ऑफसेट यंत्रात शाईच्या पेटीला चाव्या असतात आणि एकेक चावी कागदाच्या रुंदीतला साधारण तीन सेंटीमीटरचा पट्टा सांभाळते. त्या पट्ट्यात मागे-पुढे येणाऱ्या सगळ्या पानांना शाई सारखीच वाढते किंवा कमी होते. एका पानावर लालभडक पगडीचे व्यक्तिचित्र आणि त्याच ओळीत दुसऱ्या पानावर धुक्यातले जलरंगी निसर्गचित्र आले, की मशीनमनने पगडीसाठी किरमिजी वाढवल्याबरोबर धुके गुलाबी होते. त्याची चूक नसते. त्याला दोन्हीपैकी एकच चित्र वाचवता येते. म्हणून फर्म्यावर, म्हणजे अनेक पाने एकत्र छापून मग घडी घालायच्या मोठ्या कागदावर, पाने कशी बसतात याचा तक्ता छापखान्याकडून आधीच मागून घ्यावा आणि एका ओळीत येणारी चित्रे एकमेकांना मारत नाहीत ना ते पाहावे. दोन पाने मागे-पुढे केली तरी पुष्कळदा भागते. प्रूफ पाहायचे ते प्रत्यक्ष त्याच कागदावर आणि दिवसाच्या उजेडासारख्या ५,००० केल्विनच्या दिव्याखाली. ओली शाई वाळल्यावर, विशेषतः मॅपलिथोवर, थोडी मंद होते, हेही मनात धरावे.

'रंगीत पाने परवडत नाहीत' हे उत्तर ठरलेले. ते खोटे नाही, पण त्यातूनही वाट निघते. १६ पानी फर्म्याची एक बाजू चार रंगांत आणि दुसरी फक्त काळ्यात छापली तर ८ ऐवजी ५ प्लेट लागतात. मग १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पाने रंगीत मिळतात. म्हणजे समोरासमोरच्या तीन जोड्या रंगीत, मधल्या जोड्या मजकुराच्या. लेखन या हिशेबाने बेतले तर चित्र आणि त्यावरचे भाष्य एका पानाच्या अंतरावर राहते. सगळी रंगीत चित्रे पुस्तकाच्या मध्यावर एका गठ्ठ्यात घालून वाचकाला सतत पुढे-मागे करायला लावण्याची गरज उरत नाही. दोन पानांवर पसरलेले चित्र द्यायचेच तर ८-९ या जोडीवर द्यावे, कारण फर्म्याच्या मध्यावर तो एकच अखंड कागद असतो. तिथे चित्राचे दोन भाग खाली-वर होत नाहीत. अट एकच, फर्मे शिवलेले हवेत. पाठ कापून डिंकाने चिकटवलेल्या बांधणीत मधले काही मिलिमीटर जातात आणि पुस्तक सपाट उघडतही नाही. मधोमध चेहरा असला तर तो गेलाच.

हक्कांबाबत थोडक्यात. आपल्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रे मोकळी आहेत. हळदणकर १९६८ साली गेले, तेव्हा २०२८ संपेपर्यंत वारसांची परवानगी हवी. गायतोंडे यांच्यासाठी २०६१ अखेर. चित्र विकत घेणाऱ्याला कॅनव्हास मिळतो, छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यामुळे संग्राहकाने 'खुशाल छापा' म्हटले तरी पुरत नाही. पैसे देऊन करवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचे नियम वेगळे आहेत, तिथे वकिलाला विचारावे. युरोपीय जुन्या चित्रकारांवर मराठीत लिहिणाऱ्यांना मात्र धूसर चित्रांची सबब राहिलेली नाही. आम्सटरडॅमचे राइक्सम्युझियम, न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली विनामूल्य देतात. व्हर्मिअरची 'दूध ओतणारी' ४५.५ × ४१ सेंमी आहे. ती राइक्सम्युझियमच्या फाइलीवरून छापली तर टोपलीतल्या पावावरचे रंगाचे ठिपके स्पष्ट मोजता येतात. इंटरनेटवर इतरत्र तिचे दहा वेगवेगळे रंग मिळतील. संग्रहालयाची स्वतःची फाइल सोडून दुसरे काही घेऊ नये.

आपल्याला विनंती अशी, की अशा पुस्तकाच्या परीक्षणासोबतच्या चौकटीत किंमत आणि पृष्ठसंख्येबरोबर रंगीत चित्रे किती, कृष्णधवल किती, कागद कोणता, बांधणी शिवलेली की चिकटवलेली, आणि चित्रांना आकार, माध्यम, संग्रह दिले आहेत की नाहीत, हेही छापावे. आपल्या अंकात एखादे चित्र छापताना तीच माहिती द्यावी. आणि परीक्षकाने पुस्तकातले एक तरी चित्र मुळाशी ताडून पाहावे. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, औंधला श्री भवानी संग्रहालय. गोव्याचे चित्रकार त्रिंदाद यांच्यावरचे पुस्तक असेल तर पणजीला फुंदासांव ओरिएंते. पुस्तक उघडे धरून मूळ चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहिले, की कातडीचा रंग, सावलीतला तपशील आणि कापलेल्या कडा या तीन गोष्टी लगेच लक्षात येतात. त्या परीक्षणात लिहिल्या गेल्या, तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशक छापखान्यात स्वतः जाऊन उभा राहील.

आपला,
चित्रपुस्तकांच्या छपाईशी संबंधित एक वाचक, पुणे